कॅनडातल्या जुन्या लष्करी रायफलीवरचे शिक्के कसे वाचायचे? ('सी' म्हणजे कॅनडाच ना?)

लेकशोरकर

नमस्कार मंडळी. बंदुकांतलं मला ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी मिसिसागात राहतो, तळ्यापासून दोन गल्ल्या आत. शेजारी एक आजी आहेत, ऐंशी पार केलेल्या, एकट्याच असतात. हिवाळ्यात त्यांचा बर्फ मी उपसतो, त्या मला ॲपल पाय देतात, असा आमचा व्यवहार.

परवा त्यांनी वडिलांची हरणाच्या शिकारीची जुनी रायफल दाखवली. त्यांची आई युद्धाच्या काळात लाँग ब्रँचच्या शस्त्र कारखान्यात कामाला होती आणि ही रायफल 'आईच्या कारखान्यातली' असं घरात कायम बोललं जायचं. मुलगा व्हँकुव्हरला आहे. त्याच्याकडे पाठवण्याआधी, हिच्यावरचे शिक्के काय सांगतात ते कागदावर लिहून दे, असं आजींनी मला सांगितलंय. मी आयटीवाला, म्हणजे मला सगळंच येत असणार असा त्यांचा समज.

फोटो टाकले आहेत. रायफलीच्या नंबरात 'सी' आहे, म्हणजे कॅनडाच ना? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

वाचनमात्र

फोटो दिसत नाहीत.

खुसपट

फोटो दिसत नाहीत +१. पण इतक्या वर्षांत इथे रायफलीवर धागा आला, हेच विशेष. मांडी ठोकून बसलो आहे.

लेकशोरकर

तीनदा प्रयत्न केला, फोटो चढत नाहीत. शब्दांत सांगतो. डाव्या अंगाला लोखंडावर 'नं. ४ एमके १' आणि पुढे एक चांदणी. दस्ता जिथे लोखंडात शिरतो तिथे '४०सी' आणि पुढे चार आकडे. मागची साइट, म्हणजे डोळा लावायची जाळीवजा पट्टी, तिच्यावर इंग्रजी सी आणि त्याच्या पोटात कोंबडीच्या पायासारखी खूण. तसाच सी दस्त्याच्या लाकडावर उजव्या बाजूलाही आहे. नळीवरचं पुढचं लाकूड कापून आखूड केलंय. डावीकडे आणखी काही अक्षरं आहेत, पण त्यांवर काळा थर बसलाय.

गंजखाऊ

लेकशोरकर, पहिला प्रश्न: आजींकडे परवाना आहे ना? इकडे त्याला पाल म्हणतात. नसेल तर शिक्क्यांच्या आधी तो विषय मिटवा. आणि रायफल हातात घेण्यापूर्वी परवानेवाल्या माणसाकडून बोल्ट (मागे-पुढे सरकवायचा दांडा) काढून चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, रिकामं असल्याची खात्री करून घ्या. 'कित्येक वर्षं कपाटातच आहे' हे वाक्य बोलून झाल्यावर आतून काडतूस निघालेलं मी पाहिलंय.

आता शिक्के. मी कॅलगरीकडे असतो, वीसेक वर्षं हा नाद आहे, बायको त्याला गंज गोळा करणं म्हणते. तुमची कोंबडी म्हणजे ब्रिटिशांचा 'ब्रॉड ॲरो', मराठीत बाण म्हणू. हा सरकारी मालाचा शिक्का: तोफा, तंबू, घोड्यांचं सामान, सगळ्यांवर असायचा. वसाहतींनी आपापलं अक्षर जोडून तोच घेतला. कॅनडाने सीच्या पोटात बाण घातला. हिंदुस्थान सरकारच्या मालावर बाणासोबत 'आय' असायचा. दोन बाण टोकाला टोक लावून दिसले तर समजायचं की माल सरकारी सेवेतून विकून टाकला.

पण सी-बाण एवढंच सांगतो की ही वस्तू कॅनडा सरकारच्या मालकीची होती. कुठे घडवली, हे तो सांगत नाही. पोलिसांच्या जीपवर 'महाराष्ट्र शासन' लिहिलेलं असतं म्हणून ती जीप शासनाने बनवली असं होत नाही ना, तसंच. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर पॅसिफिक कोस्ट मिलिशिया रेंजर्स नावाची फौज उभी केली: लाकूडतोडे, कोळी, शिकारी अशी माणसं. त्यांना द्यायला १९४२ मध्ये अमेरिकेतून विंचेस्टर ९४ आणि मार्लिन कंपनीच्या शिकारी रायफली विकत घेतल्या आणि त्यांवर सी-बाण ठोकला. अस्सल अमेरिकन माल, अंगावर कॅनडाचा शिक्का.

खुसपट

म्हणजे उद्या मी लोहाराकडून सीच्या पोटात बाण असलेला पंच करून घेतला आणि साध्या विंचेस्टरवर ठोकला तर?

गंजखाऊ

खुसपटराव, तो उद्योग लोकांनी कधीच करून ठेवलाय. रेंजर्सच्या विंचेस्टरला साध्या विंचेस्टरपेक्षा भाव जास्त, म्हणून नकली सी-बाण बाजारात भरपूर फिरतात. मी स्वतः एकदा फसलो आहे. विकणाऱ्याचं नाव घेत नाही, पण पैसे गेले ते गेलेच. तेव्हापासून शिक्का बघायच्या आधी शिक्क्याच्या कडा बघतो. कारखान्यात ठोकलेला शिक्का धातू काळा करण्याच्या आधीचा असतो, त्यामुळे खळग्याच्या तळातही तोच काळेपणा असतो. नंतर ठोकलेल्याच्या कडेला धातू वर आलेला असतो आणि आत चकाकी, किंवा चकाकी लपवायला लावलेला वेगळाच रंग. लाकडावर तर आणखी सोपं. ऐंशी वर्षं हाताळलेल्या दस्त्याचे कोपरे गुळगुळीत झालेले असतात. अशा दस्त्यावर शिक्का मात्र ब्लेडने कापल्यासारखा धारदार, असं कसं होईल?

मात्र सरकारी दुरुस्तीत, किंवा विकत घेतलेल्या मालावर, शिक्के नंतरही पडायचे. त्यामुळे 'नंतरचा' म्हणजे 'नकली' असं लगेच ठरवू नका.

क्वेबेकची चिमणी

बाण, सी वगैरे ठीक आहे, पण कॅनडाची म्हणावी अशी रायफल एकच, ती म्हणजे रॉस. मी क्वेबेक सिटीत राहते आणि ज्या अब्राहमच्या पठारावर आम्ही रविवारी मुलांना घेऊन जातो, तिथेच तिचा कारखाना होता. त्यामुळे चार ओळी लिहिल्याशिवाय राहवत नाही.

सर चार्ल्स रॉस नावाचा स्कॉटिश सरदार. बोअर युद्धाच्या काळात ब्रिटिश कारखान्यांचा माल कॅनडाला पुरेना, तेव्हा या गृहस्थाने आपली स्वतःची रायफल सरकारच्या गळ्यात घातली. १९०३ चा पहिला नमुना, १९०५ चा दुसरा, १९१० चा तिसरा. हिचा बोल्ट फिरवावा लागत नाही, सरळ मागे ओढायचा आणि सरळ पुढे ढकलायचा. नेमबाजीच्या स्पर्धेत अप्रतिम. खंदकातल्या चिखलात मात्र अडकून बसायची. एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधल्या ईप्रला जर्मनांनी विषारी वायू सोडला, तेव्हा कॅनडाची पहिली डिव्हिजन तिथे याच रायफली घेऊन उभी होती. बोल्ट उघडेना म्हणून सैनिक त्यावर बुटाने लाथा मारत होते. मेलेल्या ब्रिटिश शिपायांच्या ली-एनफिल्ड (ब्रिटिश सैन्याची नेहमीची रायफल) उचलून कित्येकांनी रॉस तिथेच टाकली. सॅम ह्यूज हे संरक्षण खात्याचे मंत्री, त्यांचा रॉसवर इतका जीव की त्यांना दोष दिसेचना. शेवटी १९१५ मध्ये पहिल्या डिव्हिजनकडून आणि १९१६ मध्ये बाकीच्यांकडून ती काढून घेतली, आणि त्याच वर्षी ह्यूज यांचं मंत्रिपदही गेलं. १९१७ मध्ये सरकारने कारखाना ताब्यात घेतला.

ही कहाणी शिक्क्यांत उतरलेली दिसते. चेंबर फार आवळ होतं म्हणून ते पुढे मोठं करण्यात आलं, आणि तशा रायफलींच्या नळीवर 'एलसी' ही अक्षरं ठोकली, म्हणजे लार्ज चेंबर. 'एलसी' दिसलं की मला तो ईप्रचा चिखल आठवतो. १९१७ मध्ये अमेरिकेने वीस हजार जुन्या रॉस सैनिकांच्या सरावासाठी विकत घेतल्या. त्यांच्यावर 'यू.एस.' आणि ज्वाळा निघणाऱ्या बाँबगोळ्याचा ठसा असतो. एकाच दस्त्यावर सी-बाण आणि अमेरिकेचा बाँब शेजारी शेजारी दिसला तर गोंधळू नका.

आणि रॉसचा नंबर शोधायला लोखंड चाचपत बसू नका. लष्करी रॉसचा नंबर दस्त्याच्या लाकडावर उजव्या बाजूला असतो. कुणी दस्ता बदलला किंवा हौसेने पॉलिशवाल्याकडे देऊन घासून घेतला की जन्मदाखलाच गेला.

वाचनमात्र

चिमणीताई, वेगळा लेख लिहा की यावर.

गंजखाऊ

चिमणीताईंच्या प्रतिसादात एक भर, आणि ही गंमत म्हणून वाचू नका. १९१० च्या रॉसचा बोल्ट उघडून परत जोडताना चुकीचा जोडता येतो. तो आत जातो, बंद झाल्यासारखा दिसतो, पण त्याची कुलपं फिरलेली नसतात. बार काढला की बोल्ट मागे, डोळ्याकडे येतो. काही रायफलींना हे होऊ नये म्हणून नंतर एक रिव्हेट मारलेला सापडतो. जाणत्याने तपासल्याशिवाय रॉस चालवायची नाही.

आणि तिची बदनामी थोडी एकतर्फीही आहे. नेमबाज शिपायांनी ती शेवटपर्यंत सोडली नाही. फ्रान्सिस पेगामागाबो हा ओजिबवे जमातीचा सैनिक, त्याच्या नावावर ३७८ बळींची नोंद सांगतात, तो रॉसच वापरायचा.

अण्णा सातारकर

धागा वाचून जुने दिवस आठवले. आमचे चुलते मराठा पलटणीत होते, इटलीत गेले होते. लहानपणी आम्ही 'थ्री नॉट थ्री' हा शब्द त्यांच्याकडूनच ऐकला. सेनिओ नदीचं नाव ते सारखं घ्यायचे. नामदेव जाधवांना ९ एप्रिल १९४५ च्या ज्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो याच नदीवरचा. त्याआधीच्या हिवाळ्यात त्या नदीवर कॅनडाची फौज होती असं वाचलं आहे. म्हणजे आमचे मराठे आणि लेकशोरकरांच्या आजींच्या गावची माणसं एकाच नदीच्या चिखलात, फक्त पुढेमागे.

माझा प्रश्न साधा आहे. आमच्याकडच्या रायफलीवर इशापूरच्या (बंगालमधल्या) सरकारी कारखान्याचा शिक्का असायचा. कॅनडाची नं. ४ कशी ओळखायची?

गंजखाऊ

अण्णा, नमस्कार. वाचलंत ते बरोबर आहे. फेब्रुवारी १९४५ पर्यंत कॅनेडियन सेनिओवरच होते, मग त्यांना हॉलंडकडे हलवलं.

आता नं. ४. ही ली-एनफिल्डची महायुद्धातली आवृत्ती. कॅनडात ती एकाच ठिकाणी झाली, स्मॉल आर्म्स लिमिटेडच्या लाँग ब्रँच कारखान्यात, १९४१ पासून. सुमारे नऊ लाख रायफली निघाल्या आणि कामगारांत निम्म्याहून जास्त बायका होत्या. युद्धानंतर कंपनीचं नाव कॅनेडियन आर्सेनल्स झालं आणि १९५० च्या सुमारास पुन्हा थोड्या बनल्या. लेकशोरकर, तुम्ही लेकशोर रोडने पूर्वेला जात असाल तर ती जुनी तपासणी-इमारत अजून उभी आहे. तिथे आता चित्रप्रदर्शनं वगैरे होतात.

लाँग ब्रँचच्या रायफलीवर डाव्या अंगाला 'लाँग ब्रँच' असं पूर्ण नाव आणि साल असतं. नंबर दोन आकडी गट, मग 'एल', मग चार आकडे. ४२एल, ९३एल असा. एल म्हणजे लाँग ब्रँच. सुट्या भागांवर 'एलबी', आणि बऱ्याच ठिकाणी सी-बाण.

आणि आता लेकशोरकर, खुर्चीत नीट बसा. तुमच्या नंबरात एल नाही, सी आहे. हा सी कॅनडाचा नव्हे. तो चिकोपी फॉल्सचा.

लेकशोरकर

चिको... काय?

गंजखाऊ

चिकोपी फॉल्स, मॅसॅच्युसेट्स, अमेरिका. तिथे सॅव्हेज कंपनीने ब्रिटनसाठी नं. ४ रायफली बनवल्या, दहा लाखांहून जास्त. नंबरातला सी त्या गावाचा. ही चूक इतकी नेहमीची आहे की लिलावाच्या पत्रकांतसुद्धा 'कॅनेडियन, सी नंबर' असं छापलेलं मी पाहिलं आहे.

खात्री करायला तो काळा थर तेलाच्या फडक्याने हलक्या हाताने पुसा. खरकागद नको, ताराचा ब्रश नको, तुम्हाला घरातल्या देवांची शपथ. खाली 'यू.एस. प्रॉपर्टी' निघालं तर विषय संपला. त्या रायफली अमेरिकन सैन्याने वापरल्या नाहीत. लेंड-लीज कराराखाली माल उसना दिलेला, म्हणून कागदोपत्री मालकी अमेरिकेची आणि तसा ठसा. शिवाय सुट्या भागांवर चौकोनी वळणाचा इंग्रजी एस शोधा, जणू पट्टी धरून काढलाय. तो सॅव्हेजचा.

खुसपट

मग साइटवरचा सी-बाण? तोही चिकोपीचा म्हणू नका.

गंजखाऊ

नाही, तो कॅनडाचाच. नं. ४ चे बरेचसे भाग एकमेकांना बसतात आणि दुरुस्तीच्या टेबलावर हाताला येईल तो भाग चढवला जायचा. त्यामुळे अर्धी दुनिया एकाच रायफलीत सापडते. 'एम ४७ सी' असा संकेत दिसला तर तो बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीचा. बाँबफेकीच्या भीतीने ब्रिटिशांनी कारखान्यांची नावं न ठोकता असे आकडे दिले होते. आणि हो, त्यातही सी आहे, तोही कॅनडाचा नाही.

लेकशोरकर, साइटवर सी-बाणाखेरीज आणखी काय लिहिलंय?

क्वेबेकची चिमणी

शीर्षकात 'अँटिक' शब्द नाही ते बरं केलंत. इकडे तो कायद्याचा शब्द आहे. १८९८ च्या आधी बनलेली हवी आणि त्यातही काडतुसाच्या अटी. .५७७ ची स्नायडर, ही एकोणिसाव्या शतकातली ब्रिटिश रायफल, त्यात बसते. तिच्यावर 'डीसी' दिसतं, म्हणजे डोमिनियन ऑफ कॅनडा. वॉशिंग्टनशी संबंध नाही. रॉस शंभर वर्षांची झाली तरी कायद्याने अँटिक नाही. आमच्याकडे एका ओळखीच्या कुटुंबाने 'पणजोबांची आहे, अँटिकच असणार' म्हणून परवान्याशिवाय माळ्यावर ठेवली होती आणि पुढे बराच मनस्ताप झाला.

लेकशोरकर

शनिवारी पुन्हा गेलो. आजींच्या ओळखीचे परवानेवाले गृहस्थ आले होते, त्यांनी बोल्ट काढून दिला. तिळाचं तेल नव्हतं म्हणून शिवणयंत्राचं वापरलं (गंजखाऊ रागावू नका, त्या गृहस्थांनी चालेल म्हटलं). थर निघाला. 'यू.एस. प्रॉपर्टी'. स्वच्छ, ठळक. बोल्टच्या दांड्याखाली पट्टीने काढलेला एस. बोल्टच्या मागे नंबरही आहे आणि तो अंगावरच्या नंबराशी जुळतो.

दस्त्यावरचा सी-बाण भिंगाने पाहिला. कडा मऊ आहेत, खळग्यात मळ बसलाय, आजूबाजूच्या लाकडासारखाच. आणि साइटवर 'सी एमके ३' आणि बाजूला बारीक 'एलबी'.

आता खरी अडचण. आजींना काय सांगू? साठ वर्षं ज्या बंदुकीला त्या आईची म्हणतायत, ती अमेरिकेतून आलेली निघाली.

खुसपट

काही सांगू नका. कागदावर 'लाँग ब्रँच' लिहा आणि पाय खा.

अण्णा सातारकर

खुसपटराव, असं करू नये. लेकशोरकर, वडीलधाऱ्या माणसाने विश्वासाने विचारलंय, तर खरं सांगावं. सांगायची रीत तेवढी मऊ ठेवा.

गंजखाऊ

अण्णांशी सहमत. पोराने पुढेमागे कुणाला दाखवली की पहिल्या मिनिटाला हे बाहेर पडणारच, आणि मग आईच खोटी ठरायची.

तुम्ही सांगितलंत त्यावरून: अंग आणि बोल्ट सॅव्हेजचे, जुळत्या नंबराचे, ही चांगली गोष्ट. दस्त्याचं लाकूड कॅनडा सरकारच्या साठ्यातून आलेलं, शिक्का मला तरी जुनाच वाटतो. साइट लाँग ब्रँचचीच. 'सी एमके ३' मधला सी मात्र खरोखर कॅनेडियन नमुन्याचा आहे. म्हणजे एका रायफलीत तीन सी: एक गावाचा, एक सरकारचा, एक नमुन्याचा. किमतीचं म्हणाल तर पुढचं लाकूड कापल्यामुळे ती केव्हाच उतरली. युद्धानंतर या रायफली स्वस्तात विकल्या गेल्या आणि शिकारीला हलक्या पडाव्यात म्हणून लोकांनी घरच्या करवतीने कापल्या. आम्हा गोळा करणाऱ्यांना ते बघवत नाही, पण त्या काळी त्या घरात मांस त्यानेच आलं असणार.

लेकशोरकर

सांगितलं. घाबरत घाबरत.

आजींनी चष्मा लावून आधी तो अमेरिकेचा ठसा पाहिला, मग साइट पाहिली. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आईने कधीच म्हटलं नव्हतं ही आमच्या कारखान्यातली. ते बाबा सांगायचे. ती विषय निघाला की उठून स्वयंपाकघरात जायची." आणि हसल्या. आई तिथे नेमकं काय काम करायची, हे त्यांना ठाऊक नाही. युद्धानंतर लग्न झालं, नोकरी गेली, ती कधी बोललीच नाही म्हणे.

कागद लिहून दिला. साइटची ओळ त्यांनी सगळ्यात वर लिहायला लावली. कागद दस्त्याला दोऱ्याने बांधलाय. पुढच्या रविवारी त्यांना त्या तपासणी-इमारतीत घेऊन जातोय, इतकी वर्षं दहा मिनिटांवर राहून त्या कधी आत गेल्या नाहीत.

अण्णा सातारकर

फार बरं केलंत. गंजखाऊसाहेब, जाता जाता, आमच्या चुलत्यांची एक संगीन घरात आहे, खिळ्यासारखी गोल, पातं नाही. मुळाशी 'एलबी' सारखं काहीतरी आहे. ही तीच का?

गंजखाऊ

अण्णा!! खिळ्यासारखी गोल, म्हणजे नं. ४ ची संगीन, आणि एलबी असेल तर लाँग ब्रँचचीच. एलबीच्या शेजारी सी-बाण आहे का बघा. त्यासाठी नवा धागा काढा, आणि कृपा करून घासू नका.

वाचनमात्र

आणि फोटो चढवून बघा.